सी भाषेतून जीडीबीएम: पहिल्या ओपनपासून बॅकअपपर्यंत

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाणा कोल्ड स्टोअरेजला लागला की त्याला लॉट नंबर पडतो. पुढे सौदा होऊन माल बाहेर पडेपर्यंत सगळी विचारणा त्या नंबरावरच चालते: चारशे सतराचा माल कुठल्या गावचा, बॉक्स किती, वजन किती. नंबर द्यायचा आणि नोंद काढायची. एवढ्यासाठी टेबलं, एसक्यूएल आणि वेगळा सर्व्हर मांडून बसायची गरज नसते. सी मध्ये छोटी की-व्हॅल्यू लायब्ररी (किल्ली द्यायची, नोंद घ्यायची) पुरते. इथे त्यातली जीडीबीएम घेतली आहे. तुम्हाला पॉइंटर आणि मॅलॉक माहीत आहेत, पण डेटाबेसशी ही पहिलीच गाठ आहे, असं धरून चाललो आहोत.

ही जातकुळी जुनी आहे. केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्ससाठी डीबीएम लिहिली, तिचा मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पातला वारस म्हणजे जीडीबीएम. डेबियन किंवा उबुंटूवर मॅन पानांची जी सूची असते ती याच लायब्ररीने ठेवलेली असते, म्हणजे बहुधा तुमच्या मशीनवर ती आधीपासून आहे. आत एक्स्टेन्सिबल हॅशिंग चालतं: किल्लीचा हॅश, म्हणजे तिच्या बाइटांवरून निघणारा आकडा, काढायचा, त्यावरून बकेट म्हणजे फाइलमधला नोंदींचा कप्पा गाठायचा, तिथे नोंद शोधायची. नोंदी लाखभर झाल्या तरी एक नोंद काढायला फारसा फरक पडत नाही. मात्र याच कारणाने नोंदींना कसलाही क्रम नसतो. ही गोष्ट पुढे नडते, तेव्हा आधीच लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण नवख्यांच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं. जीडीबीएमला गाव, वजन, तारीख यातलं काही कळत नाही. तिला फक्त बाइट कळतात. किती बाइट ते तुम्ही सांगायचं, आणि तिने परत दिलेली मेमरीही तुम्हीच सोडायची. अडलात की आधी हे दोनच प्रश्न विचारा: लांबी बरोबर दिली का, आणि मेमरी वेळेवर सोडली का.

लिहिण्याबाबत एक खुलासा. खाली फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती छोट्या रोमन अक्षरांत लिहायची आणि ठळक पर्याय, म्हणजे रीडर, रायटर, इन्सर्ट वगैरे, मोठ्या अक्षरांत. लायब्ररीच्या फंक्शनांच्या आणि पर्यायांच्या, सगळ्यांच्या आधी जीडीबीएम आणि अंडरस्कोअर लागतो.

बसवणं आणि कंपाइल

उबुंटू, डेबियन किंवा मिंटवर एपीटीने लिबजीडीबीएम-डेव्ह हे पॅकेज घ्या, फेडोरावर त्याचं नाव जीडीबीएम-डेव्हेल. नुसती लायब्ररी असून भागत नाही. हेडर फाइल डेव्ह पॅकेजातच असते, आणि ती नसली की 'नो सच फाइल' म्हणून कंपाइलर पहिल्याच ओळीवर थांबतो. डेबियन-उबुंटूवर सोबत जीडीबीएमटूल हे पॅकेजही घ्या, डेटाबेसच्या पोटात डोकावायला ते लागतं. विंडोजवर शिकत असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाका आणि डेटाबेसची फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, सी ड्राइव्हवर नको.

कंपाइल करताना जीसीसीला वॉर्निंगांचा वॉल पर्याय आणि डीबगिंगचा जी पर्याय द्या, मग तुमची सी फाइल आणि सर्वात शेवटी हायफन, छोटा एल आणि त्याला चिकटून जीडीबीएम. क्रमाला महत्त्व आहे. लायब्ररी फाइलच्या आधी लिहिली तर उबुंटूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी तक्रार येते आणि माणूस उगाच पॅकेज पुन्हापुन्हा बसवत राहतो.

फाइल उघडणं

जीडीबीएम_ओपन पाच गोष्टी मागते. पहिली फाइलचं नाव. दुसरी ब्लॉकचा आकार, तिथे शून्य द्या, फाइल सिस्टिमला साजेसा आकार ती स्वतः घेते. तिसरी उघडण्याची पद्धत, चौथी परवानग्या आणि पाचवी गंभीर चुकीच्या वेळी बोलावायचं फंक्शन, तिथे नल चालतं.

पद्धती चार. रीडर म्हणजे फक्त वाचन. रायटर म्हणजे वाचन-लेखन, पण फाइल आधी असलीच पाहिजे. डब्ल्यूआरक्रिएट म्हणजे फाइल असेल तर उघडा, नसेल तर करा (क्रिएटमधला शेवटचा ई गाळलेला आहे, तो टाइप केलात तर कंपाइलर ओळख देणार नाही). चौथी न्यूडीबी. नाव निरुपद्रवी वाटतं, पण फाइल आधीपासून असली तर ही पद्धत ती कोरी करते, विचारत नाही. सरावाच्या प्रोग्रॅममधून उचललेली ओळ खऱ्या नोंदींवर चालली की हंगामाची नोंदवही गेली. रोजच्या वापराच्या प्रोग्रॅममध्ये न्यूडीबी हा शब्दच नको.

डब्ल्यूआरक्रिएटचाही एक छुपा धोका आहे. फाइलचं नाव नुसतं दिलं, पूर्ण पाथ दिला नाही, आणि प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमधून चालवला, तर तिथे नवी रिकामी फाइल तयार होते. मग 'काल भरलेला डेटा कुठे गेला' अशी शोधाशोध. पूर्ण पाथ द्या.

परवानग्यांमध्ये ६४४ लिहिताना आधी शून्य हवंच. शून्य असलं की सी तो आकडा अष्टमान समजते: मालकाला वाचन-लेखन, बाकीच्यांना वाचन. शून्य विसरलात तर तो साधा दशमान ६४४ होतो, अष्टमानात १२०४. त्याचा अर्थ मालकाला लिहिता येतं, वाचता येत नाही. गंमत अशी की पहिल्या वेळी सगळं सुरळीत चालतं, कारण फाइल तयार करणाऱ्याच्या हातात ती उघडीच असते. दुसऱ्यांदा प्रोग्रॅम चालवला की 'परमिशन डिनाइड'. कोड तोच, फोल्डर तोच, तरी काल चाललं आणि आज नाही. फोल्डरात एलएस हायफन एल करून परवानग्या बघितल्या की लगेच कळतं.

ओपनने नल दिलं तर थांबा आणि कारण छापा. जीडीबीएम_एररनो हा आकडा जीडीबीएम_स्ट्रएररला दिला की वाक्य मिळतं, सोबत सिस्टिमचा एररनोही छापा. 'कान्ट बी रायटर' आलं तर दुसऱ्या कुणीतरी तीच फाइल उघडी ठेवली आहे. नियम असा: एका वेळी वाचणारे कितीही, किंवा लिहिणारा एकच. लिहिणारा बसला असताना वाचणाऱ्यालाही प्रवेश नाही. बहुतेक वेळा तो 'दुसरा कुणी' म्हणजे शेजारच्या टर्मिनलमध्ये विसरलेला तुमचाच प्रोग्रॅम असतो. नोलॉक नावाचा पर्याय आहे, पण कुलूप तोडून दोघांनी एकदम लिहिलं तर फाइल बिघडते. तो वापरू नका.

किल्ली कशी असावी

नोंद आणि किल्ली दोन्ही डेटम नावाच्या छोट्या स्ट्रक्चरमध्ये जातात. त्यात दोनच खाने: डीपीटीआर हा बाइटांकडे बोट दाखवणारा पॉइंटर आणि डीसाइझ ही लांबी.

किल्लीसाठी शेतकऱ्याचं नाव घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. एकाच नावाचे चार जण निघतात हे तर झालंच, पण मराठीत आणखी एक अडचण आहे. 'साताऱ्याचे' मधला र युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर वेगळा ऱ आणि हलन्त मिळून ६ बाइट होतात, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून ९. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जीडीबीएम बाइट जुळवते, त्यामुळे तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, आणि समोर दिसणारी नोंद सापडत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसता.

किल्ली ठेवा वर्ष आणि चार अंकी लॉट नंबर, मध्ये हायफन: २०२५-०४१७. आकडे रोमन कीबोर्डवरचे. तसे केले तर किल्ली बरोबर ९ बाइटांची होते, देवनागरी आकडे वापरले तर तीच २५ बाइटांची, कारण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक ३ बाइट घेतो. जागेचं एवढं काही नाही, पण एकाने रोमन आणि दुसऱ्याने देवनागरी आकडे टाकले की पुन्हा तोच घोळ. पुढची शून्यंही सोडू नका: ४१७ आणि ०४१७ या वेगळ्या किल्ल्या आहेत. एसएनप्रिंटएफमध्ये रुंदी चार आणि शून्याची भर असा साचा ठेवा आणि किल्ली नेहमी एकाच फंक्शनमधून तयार करा.

आता शेवटच्या शून्य बाइटाचा प्रश्न. सी मधली स्ट्रिंग शून्याने संपते, एसटीआरलेन ते शून्य मोजत नाही. साठवताना एसटीआरलेन अधिक एक लांबी दिली आणि शोधताना नुसतं एसटीआरलेन, तर १० बाइटांची किल्ली ९ बाइटांनी शोधल्यासारखं होतं. नोंद मिळत नाही, एररही साधाच, 'आयटम नॉट फाउंड'. दोन्हीपैकी कोणतीही पद्धत चालते, पण एकच. आमचा कौल शून्याविना ठेवण्याला आहे, कारण जीडीबीएमटूलसुद्धा साधी स्ट्रिंग तशीच धरतं. याच कुळातली दुसरी चूक एफगेट्सची: कीबोर्डवरून घेतलेल्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन चिकटून येते आणि किल्लीत जाऊन बसते. ती आधी कापा.

नोंद साठवणं

नोंदीसाठी साधा मजकूर पुरतो, खाने उभ्या रेघेने वेगळे केलेले:

सावळज|३२०|४८००

गाव, बॉक्स, किलो. १५ किलोचे ३२० बॉक्स. आकडे रोमन असतील तर ही नोंद २४ बाइटांची: 'सावळज' मध्ये काना धरून ५ चिन्हं, प्रत्येकी ३ प्रमाणे १५, दोन रेघांचे २ आणि आकड्यांचे ७. डोळ्यांना गावाच्या नावात चारच अक्षरं दिसतात, म्हणून 'वीस बाइटांचा बफर बास' असा अंदाज बांधू नका. नावासाठी ६४ आणि पूर्ण नोंदीसाठी १२८ ठेवा.

नोंद एसएनप्रिंटएफने बांधा. ते परत देतं तो आकडा म्हणजेच लांबी, तो सरळ डीसाइझमध्ये जातो. पण आधी तपासा. मजकूर बफरात मावला नाही तरी एसएनप्रिंटएफ 'मावला असता तर किती झाला असता' तो आकडा देतं. बफर २० चा, उत्तर २४, आणि तेच डीसाइझ म्हणून दिलं तर जीडीबीएम तुमच्या बफरच्या पलीकडचे बाइटही उचलून साठवते. उत्तर बफरच्या आकाराइतकं किंवा त्याहून मोठं आलं की नोंद नाकारा.

मग जीडीबीएम_स्टोअर: फाइलचा हँडल (ओपनने परत दिलेला), किल्ली, नोंद आणि पर्याय. नवीन लॉटला इन्सर्ट, दुरुस्तीला रिप्लेस. इन्सर्टमध्ये ० आलं तर काम झालं, १ आलं तर ती किल्ली आधीच आहे, उणे १ म्हणजे खरी चूक, उदाहरणार्थ फाइल रीडर म्हणून उघडली होती. तो १ फार कामाचा आहे. एकच लॉट नंबर दोन गाड्यांना पडला असेल तर तिथेच पकडला जातो. 'शून्य नसेल तर एरर' असं ढोबळ लिहिलं की ही बातमी हरवते, आणि सगळीकडे रिप्लेस वापरलं तर दुसरी गाडी पहिलीची नोंद मुकाट पुसून टाकते. साठवताना लायब्ररी बाइटांची नक्कल घेते, त्यामुळे तोच बफर पुढच्या नोंदीला वापरायला हरकत नाही.

मजकुराऐवजी आख्खं स्ट्रक्चर साठवू का, असं हमखास विचारलं जातं. साठवता येतं. पण ३० कॅरेक्टरचा अ‍ॅरे, एक इंट आणि एक कॅरेक्टर मिळून ३५ बाइट होत असले तरी नेहमीच्या पीसीवर साइझऑफ ४० सांगतो, वरचे ५ बाइट कंपाइलरने मध्ये आणि शेवटी भरणी म्हणून टाकलेले असतात. त्यात काय कचरा असेल सांगता येत नाही. नोंदीत तो खपतो. किल्लीत असलं स्ट्रक्चर वापरलं तर सगळे खाने सारखे असूनही किल्ली जुळत नाही, मेमसेटने आधी शून्य भरलं नसेल तर. शिवाय पुढच्या हंगामात स्ट्रक्चरमध्ये एक खाना वाढवला की जुन्या नोंदी वाचता येत नाहीत. शिकताना मजकूरच बरा.

वाचणं आणि मेमरी सोडणं

जीडीबीएम_फेचला हँडल आणि किल्ली द्या, डेटम परत येतो. डीपीटीआर नल असेल तर नोंद नाही. नोंद असेल तर ती मेमरी लायब्ररीने मॅलॉकने घेतलेली आहे आणि फ्री करणं तुमच्याकडे आहे. एका नोंदीला विसरलात तर काही दिसत नाही, दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरी फुगत जाते. प्रोग्रॅम एकदा व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवून 'डेफिनिटली लॉस्ट' समोर शून्य आहे ना ते बघाच.

आलेल्या बाइटांच्या शेवटी शून्य नाही हे विसरून प्रिंटएफला नुसतं टक्का-एस दिलं तर नोंदीपाठोपाठ कचरा छापला जातो. त्रास असा की कधी कधी शेजारी योगायोगाने शून्य असतं आणि सगळं ठीक दिसतं. छापायचं असेल तर टक्का, टिंब, तारा, एस असा साचा द्या आणि आधी डीसाइझ, मग डीपीटीआर. खाने सुटे करायचे असतील तर डीसाइझ अधिक एक एवढ्या जागेत नक्कल करा, शेवटी शून्य ठेवा आणि मग एसस्कॅनएफ. त्याचं उत्तर ३ आलं का तपासा. देवनागरी आकडे घुसले असतील तर टक्का-डी तिथेच अडतो.

नोंद नुसती आहे का एवढंच बघायचं असेल तर जीडीबीएम_एक्झिस्ट्स वापरा, त्यात फ्री करायची कटकट नाही. काढून टाकायला जीडीबीएम_डिलीट.

सगळ्या नोंदी फिरून बघणं

जीडीबीएम_फर्स्टकी पहिली किल्ली देते, जीडीबीएम_नेक्स्टकीला आधीची किल्ली दिली की पुढची. इथेही प्रत्येक किल्ली फ्री करायची, पण क्रम सांभाळून: आधी नेक्स्टकीने पुढची घ्या, मग जुनी सोडा. उलट केलंत तर सोडलेली मेमरी वाचली जाते. लूपच्या पोटात फेच केलं तर त्याची मेमरी वेगळी सोडायची.

यादी लॉटच्या क्रमाने येणार नाही. ४१७ नंतर १२, मग ९०३. क्रम हवा तर किल्ल्या अ‍ॅरेत गोळा करून क्यूसॉर्ट लावा. चार अंकी शून्य भरलेल्या किल्ल्या इथे कामी येतात, बाइटांचा क्रम तोच नंबरांचा क्रम होतो. फिरता फिरता डिलीट मात्र करू नका. डिलीट केल्याने बकेटमधली मांडणी हलते आणि काही किल्ल्या नजरेतून सुटतात. काढायच्या किल्ल्या आधी गोळा करा, फेरी संपली की काढा.

'मार्चमध्ये आलेले सगळे लॉट' किंवा 'सावळजचा एकूण माल' अशा प्रश्नांना प्रत्येक वेळी पूर्ण फेरी लागते. दोन-चार हजार नोंदींना ते जाणवत नाही. पण तुमचं निम्मं काम अशाच प्रश्नांचं असेल तर जीडीबीएम ही चुकीची निवड आहे, सरळ एसक्यूलाइट (सर्व्हरविना एका फाइलीत चालणारा एसक्यूएल डेटाबेस) घ्या. दुसरं, जीडीबीएमचा परवाना जीपीएल आहे. तयार सॉफ्टवेअर सोर्स न देता गावोगावच्या स्टोअरेजला विकायचा विचार असेल तर आधी त्याची अट वाचा.

बंद करणं आणि लाईट जाणं

स्टोअरने ० दिलं म्हणजे नोंद डिस्कवर उतरली असं नाही. ती मेमरीत असू शकते. जीडीबीएम_क्लोज झालं की खातं मिटतं, म्हणून प्रोग्रॅमच्या प्रत्येक वाटेवर, एरर आला त्या वाटेवरही, क्लोज हवं. एक्झिट कुठेतरी मध्येच मारलेला असतो आणि क्लोज खालीच राहतं, ही नेहमीची चूक. कंट्रोल-सीने थांबवतानाही तेच. सिग्नल हँडलरमध्ये क्लोज बोलावू नका, स्टोअर अर्धवट चालू असताना तो येऊ शकतो. हँडलरमध्ये फक्त व्होलाटाइल सिगअ‍ॅटॉमिक प्रकारचा एक झेंडा उभा करा आणि मुख्य लूपने तो बघून बाहेर पडावं.

लाईट गेली तर क्लोजपर्यंत पोहोचताच येत नाही. त्यासाठी मधूनमधून जीडीबीएम_सिंक करा, म्हणजे मेमरीतलं डिस्कवर उतरतं. दर नोंदीला सिंक करणारा पर्याय ओपनमध्ये आहे, पण डिस्कची वाट बघत प्रत्येक स्टोअर थांबतं. गाडी उतरून लॉटची नोंद झाली की एक सिंक, एवढं कामाच्या वेगाला झेपतं. हजारो जुन्या नोंदी एकदम भरताना मात्र शेवटी एकच सिंक.

दुसरी सवय: उघडून ठेवायचं नाही. लिहायचं तेव्हा रायटर म्हणून उघडा, लिहा, बंद करा. यादी बघणाऱ्याचाही खोळंबा होत नाही.

बॅकअप

प्रोग्रॅम फाइलमध्ये नोंदी लिहीत असताना सीपी कमांडने ती फाइल उचलली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी नक्कल मिळू शकते. जीडीबीएम_डंप ही कमांड वापरा, ती नोंदी मजकुराच्या फाइलमध्ये काढते आणि जीडीबीएम_लोड त्यातून डेटाबेस पुन्हा उभा करते. मशीन बदलतानाही हीच वाट. डेटाबेसची फाइल मशीनच्या घडणीनुसार लिहिलेली असते, ३२ बिटच्या जुन्या पीसीवरची ६४ बिटवर किंवा वेगळ्या प्रोसेसरवर उघडेलच असं नाही. डंप कुठेही चालतो.

हंगाम संपून हजारो लॉट डिलीट केले तरी फाइलचा आकार कमी होत नाही. सुटलेली जागा पुढच्या नोंदींना वापरली जाते, पण फाइल आक्रसत नाही. आकार कमी करायचा असेल तर जीडीबीएम_रीऑर्गनाइझ. ते नोंदी नव्या फाइलमध्ये उतरवून जुनीच्या जागी ठेवतं, म्हणून डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते. ते चालवण्याआधी डंप काढा. तो दुसऱ्या नावाने लोड करा, जीडीबीएमटूलमध्ये दोन्ही फाइलींवर काउंट द्या. आकडे जुळले की पाच-सहा लॉट फेच करून वजनं डोळ्यांनी पडताळा, आणि मगच मूळ फाइलला हात लावा.